कीर्तनाची पूर्वतयारी आणि वक्त्याचे सत्य

ईश्वराविषयी लोकांसमोर बोलण्याची आगाऊ तयारी करावी का, आणि केली तर त्या बोलण्याच्या सत्यतेला बाध येतो का, हा प्रश्न वरवर पाहता वक्तृत्वकलेचा वाटला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. कायद्याच्या कलमांवर किंवा पिकांवरील रोगांवर व्याख्यान देणाऱ्याने टिपणे काढली, दाखले निवडले आणि कोणत्या ठिकाणी थांबायचे हे ठरवून ठेवले, तर त्याबद्दल कोणी शंका घेत नाही, कारण त्याच्या बोलण्याचे मोल विषयाच्या जाणकारीवर ठरते. भक्तीविषयी बोलणाऱ्याकडून श्रोता जाणकारीपेक्षा अधिक काही मागतो. वक्त्याचे अंतःकरणच बोलण्यात उतरले आहे अशी त्याची श्रद्धा असते, आणि अमुक प्रसंगाला कंठ दाटून येणार हे आदल्या दिवशीच ठरलेले होते असे कळले तर त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. उलट बाजूने पाहिले तर तयारीवाचून उभा राहणारा वक्ता स्फूर्तीच्या नावाखाली शेकडो माणसांचा वेळ दवडतो, संतवचने अर्धवट आठवतो, एका विषयातून दुसऱ्यात भरकटतो, आणि त्याच्या या बेफिकिरीत श्रोत्यांइतकीच विषयाचीही अवहेलना होते. या दोन आक्षेपांना तोंड देत मराठी प्रदेशात शतकानुशतके टिकून राहिलेली संस्था म्हणजे कीर्तन होय; म्हणून या प्रश्नाचा विचार कीर्तनाच्या आधारे करणे सर्वांत फलदायी ठरते.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या मुखी भक्तीचे जे नऊ प्रकार आले आहेत त्यांत श्रवणानंतर लगेच कीर्तनाचा क्रम लागतो, आणि महाराष्ट्रात नामदेवांपासून त्याला समूहासमोर उभे राहून करावयाच्या निरूपणाचे रूप लाभले. आज त्याचे दोन प्रमुख प्रवाह दिसतात. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग येतो, म्हणजे एखादे पद घेऊन केलेले तत्त्वाचे विवेचन. मध्यंतरी नामगजर होतो, आणि त्यानंतर उत्तररंगात तेच तत्त्व पुराणातील, संतचरित्रातील किंवा इतिहासातील एखाद्या आख्यानातून, म्हणजे सविस्तर सांगितलेल्या कथेतून, श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभे केले जाते. वारकरी कीर्तनात असे दोन रंग नसतात. एकच अभंग निरूपणाला घेतलेला असतो, त्याचे चरण क्रमाने उलगडले जातात आणि प्रत्येक विधानाला इतर संतवचनांची प्रमाणे दिली जातात. मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग आणि विणेकरी अशी ही रचना असते, आणि कीर्तनकाराने प्रमाणाचा आरंभ करताच टाळकरी ते उचलून पूर्ण करतात. दोन्ही प्रकारांत कीर्तनकार एकटा बोलत असला तरी सगळे बोलणे त्याचे स्वतःचे नसते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

या परंपरेने तयारीचा कधीही संकोच मानलेला नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकातील दुसरा समास कीर्तनभक्तीचा असून त्यात रामदासांनी कीर्तनकाराकडून विपुल पाठांतराची आणि अर्थ उलगडून सांगण्याच्या सामर्थ्याची अपेक्षा केली आहे, आणि चौदाव्या दशकात कीर्तनलक्षण व हरिकथालक्षण असे दोन स्वतंत्र समास त्यांनी याच विषयाला दिले आहेत. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा कीर्तन हे अभ्यासक्रम आखून शिकवता येते, किंबहुना शिकवले पाहिजे, ही भूमिका वारकरी संप्रदायाने उघडपणे स्वीकारली. भक्ती शिकवता येत नाही असे मानणाऱ्यांना ही भूमिका खटकू शकते. परंतु संस्था शिकवते ती भक्ती नव्हे, तर भक्तांनी मागे ठेवलेली वाणी अचूक, अर्थासह आणि प्रसंगाला उचित अशी पुढे पोहोचवण्याची शिस्त.

ही शिस्त कोणत्या तत्त्वावर उभी आहे हे पाहण्यासाठी शास्त्रग्रंथांच्या रचनेतील एका जुन्या संकल्पनेकडे वळावे लागते. कोणत्याही शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट असाव्यात असा संकेत आहे, त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात: अधिकारी, म्हणजे हे कोणासाठी आहे; विषय, म्हणजे काय सांगायचे आहे; संबंध, म्हणजे विषय आणि तो मांडणारा ग्रंथ यांचे नाते; आणि प्रयोजन, म्हणजे त्यातून काय साधायचे आहे. यांतील विषयाची तयारी बहुतेक वक्ते करतात. अधिकाऱ्याची, म्हणजे श्रोत्याच्या स्थितीची, तयारी फार थोडे करतात, आणि प्रयोजनाची तयारी तर क्वचितच कोणी करतो, कारण ते आपल्याला ठाऊकच आहे असे प्रत्येकजण गृहीत धरतो. सप्ताहाच्या समारोपाला होणारे काल्याचे कीर्तन, एखाद्याच्या निधनानंतर त्याच्या अंगणात होणारे कीर्तन आणि रामनवमीला मंदिरात होणारे कीर्तन यांत ईश्वर एकच असला तरी अधिकारी व प्रयोजन भिन्न असतात. म्हणून अभंगाची निवड ही कीर्तनकाराच्या आवडीची बाब राहत नाही, ती त्याची पहिली जबाबदारी होते. शोकाकुल घरात वैराग्याचा कठोर अभंग घेणारा कीर्तनकार सत्य सांगत असला तरी ते सत्य कोणाला सांगत आहे हे त्याने पाहिलेले नसते.

रचनेच्या बाबतीत मीमांसेने दिलेले एक साधन याहूनही उपयोगी आहे, आणि त्याचा वक्तृत्वाच्या अंगाने व्हावा तितका विचार झालेला नाही. एखाद्या ग्रंथाचे खरे तात्पर्य, म्हणजे त्याला शेवटी काय म्हणायचे आहे ते, ठरवण्यासाठी सहा खुणा सांगितल्या जातात, आणि त्यांना षड्लिंगे म्हणतात. आरंभ व शेवट एकाच अर्थावर येतात का, हे पाहणारी पहिली खूण म्हणजे उपक्रमोपसंहार; कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे ते दाखवणारा अभ्यास; अन्य मार्गाने न कळणारे असे काय या ग्रंथातून कळते ते सांगणारी अपूर्वता; त्या ज्ञानाने काय प्राप्त होते ते फल; मुख्य अर्थाची स्तुती करणारा किंवा विरुद्ध गोष्टीची निंदा करणारा अर्थवाद, ज्यात कथांचाही समावेश होतो; आणि युक्तीने केलेले समर्थन, म्हणजे उपपत्ती. ही साधने मुळात वाचकाच्या हाती दिलेली आहेत; परंतु वाचक ज्या खुणांनी तात्पर्य शोधतो त्याच खुणा वक्त्याने आपल्या बोलण्यात मुद्दाम ठेवायला हव्यात, हे त्यातून आपोआप निष्पन्न होते. उत्तम वारकरी कीर्तन या कसोटीवर तपासले तर ते बहुतांशी उतरते: ज्या अभंगाने आरंभ होतो त्याच्याच शेवटच्या चरणावर कीर्तन येऊन थांबते, ध्रुपद वारंवार म्हटले गेल्यामुळे अभ्यास साधतो, आणि तेही कंटाळा न आणता, कारण प्रत्येक वेळी ते मधल्या विवेचनाने नव्याने उजळलेले असते, प्रमाणांच्या आणि दृष्टान्तांच्या आधारे उपपत्ती उभी राहते, आख्याने अर्थवादाचे काम करतात. श्रोता घरी जाताना बहुतेक दृष्टान्त विसरतो, पण ध्रुपद त्याच्या ओठांवर राहते, आणि ते तसे राहावे हीच या रचनेमागची योजना असते.

येथे मूळ आक्षेप अधिक तीव्र स्वरूपात पुढे येतो. रचना शिकता येते, पाठांतर करता येते, हे मान्य केले तरी भावाचे काय? एकच आख्यान कीर्तनकार वर्षानुवर्षे सांगतो आणि त्याच ठिकाणी त्याचे डोळे भरून येतात, तेव्हा ते अश्रू खरे मानावेत का? भरताच्या नाट्यशास्त्रातील सात्त्विक भावांचा विचार येथे मार्गदर्शक ठरतो. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, म्हणजे भान हरपणे, असे आठ भाव सांगून भरताने त्यांचे मूळ मनाच्या एकाग्रतेत असल्याचे म्हटले आहे; ज्याचे मन अन्यत्र आहे त्याला ते भाव साधत नाहीत. नट दुःखी नसतानाही त्याचे अश्रू खोटे ठरत नाहीत, कारण त्या क्षणी त्याचे चित्त त्या दुःखाशी एकरूप झालेले असते. आणि ती एकरूपता सरावाने दुबळी होत नाही, उलट सरावानेच हाती येते. भक्तीच्या क्षेत्रात तर याहून बळकट आधार उपलब्ध आहे. नामस्मरण ही सर्व संतांनी गौरवलेली साधना पूर्णपणे पुनरावृत्तीवर उभी आहे. तेच नाम रोज, त्याच वेळी, त्याच चालीवर घेणाऱ्याला कोणी कृत्रिम म्हणत नाही. मग तेच आख्यान त्याच भावाने पुन्हा सांगणाऱ्याला केवळ पुनरावृत्तीच्या कारणाने तसे म्हणता येणार नाही. कोणतीही गोष्ट ठरवून आणि वारंवार केल्याने असत्य होत नाही. पहिल्यांदाच, न ठरवता उमटलेला उद्गारच तेवढा खरा, ही समजूत धर्माच्या क्षेत्रात बाहेरून आलेली दिसते, आणि संतांच्या साधनेत तिला कोठेही आधार मिळत नाही.

असत्य शिरते ते निराळ्या वाटेने. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना बोलणे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे असे म्हटले असून त्याला स्वाध्यायाची जोड दिली आहे. या लक्षणांत प्रियता हा एकच गुण असा आहे की ज्याचा परिणाम वक्त्याला तत्काळ दिसतो. श्रोत्यांना सत्य कळले का, हे त्या रात्री कळत नाही. हित झाले का, हे कळायला वर्षे लागतात. पण ते हसले, डोलले, रडले की नाही हे समोरच दिसते. ज्या गुणाची पावती लगेच मिळते त्याच गुणासाठी तयारी करण्याकडे मन ओढले जाते, आणि हळूहळू पूर्वतयारीचा सगळा वेळ हशा कोठे पिकेल, टाळी कोठे पडेल या हिशेबात जाऊ लागतो. हरिकथालक्षणाच्या समासात रामदासांनी मन कलेच्या लालित्यातच गुंतले तर देवाचे स्मरण कोण करणार, अशी चिंता व्यक्त केली आहे, आणि ती कलेच्या विरोधातून आलेली नाही, कारण त्याच ग्रंथात कलेची अपेक्षाही त्यांनी केली आहे. षड्लिंगांची कसोटी या टप्प्यावर आणखी एका प्रकारे उपयोगी पडते. एखाद्या कीर्तनाचा आरंभ आणि शेवट बुवांच्या स्वतःच्या गौरवाने होत असेल, त्यांच्याच दौऱ्यांचा आणि शिष्यांचा उल्लेख वारंवार येत असेल, ऐकणाऱ्याला मिळालेले फल म्हणजे बुवांच्या वाणीचे कौतुक एवढेच असेल, तर त्या कीर्तनाचे तात्पर्य ईश्वर नसून वक्ता आहे, असा निर्णय मीमांसेच्या नियमांनुसार द्यावा लागतो, मग अधूनमधून देवाचे नाव कितीही वेळा आलेले असो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्वाचे, म्हणजे आपल्या पुण्याचे प्रदर्शन न मांडण्याचे, जे विस्तृत विवेचन आले आहे ते कीर्तनकाराने आरशासारखे वापरावे अशा योग्यतेचे आहे.

तुकारामांनी या धोक्याचा जो बंदोबस्त सुचवला तो अत्यंत कडक आहे. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, सोबतच्या जनावरांसाठी दाणावैरणही मागू नये, आणि द्रव्य घेणारा व देणारा असे दोघेही अधोगतीला जातात, अशा आशयाचा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. या यादीत लक्ष वेधून घेते ते द्रव्य नव्हे, हार आणि बुक्का. धन नाकारणारे पुष्कळ असतात. मान नाकारणारे विरळा. तुकारामांनी दोन्ही एकाच पंक्तीत बसवले, कारण प्रयोजन या अनुबंधात शिरकाव करण्याची दोन्हींची क्षमता सारखीच असते. आज बहुतेक ठिकाणी बुवांना हार घातला जातो आणि बिदागीही दिली जाते. नारदीय परंपरेत तर हरिदासांची घराणीच्या घराणी या वृत्तीवर जगली, आणि ज्याने आयुष्य अभ्यासाला वाहिले त्याच्या चरितार्थाची तरतूद समाजाने करू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही तुकारामांचा निर्बंध कालबाह्य ठरवून बाजूला ठेवता येत नाही. चरितार्थासाठी घेतलेली बिदागी आणि बिदागीसाठी निवडलेला विषय यांत अंतर आहे, आणि ते अंतर बाहेरून मोजता येत नसल्यामुळे त्याची राखण कीर्तनकाराला एकट्यालाच करावी लागते. ध्वनिचित्रफितींमुळे हे काम अधिक अवघड झाले आहे: दोन तासांच्या निरूपणातून विनोदाचा दोन मिनिटांचा तुकडा वेगळा काढून सर्वत्र फिरतो, पुढचे आमंत्रण त्या तुकड्यावरून येते, आणि बोलावणाऱ्या गावाची अपेक्षाही त्याच तुकड्याची असते. येथे दोष केवळ वक्त्याचा नाही. दासबोधाच्या सातव्या दशकात श्रवणनिरूपणाला स्वतंत्र स्थान आहे, आणि ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागतात. कीर्तनाची निम्मी पूर्वतयारी ऐकणाऱ्यांनी करावयाची असते, हा विचार त्यामागे आहे.

तयारीचा अर्थ ग्रंथांच्या अध्ययनापुरता मर्यादित नाही हे गाडगे महाराजांनी दाखवून दिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये दिवंगत झालेल्या या महापुरुषाला अक्षरओळख नव्हती. त्यांच्या कीर्तनात शास्त्रीय पूर्वरंग नव्हता, शास्त्रार्थ नव्हता. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर घेत आणि त्या उत्तराच्या आधारे पुढचा प्रश्न उभा करीत. कर्ज काढून साजरे केलेले सण, दारू, देवापुढे दिलेला पशुबळी, अस्पृश्यता, मुलांना शाळेत न पाठवणे हे त्यांचे विषय होते. गावात आल्यावर ते प्रथम हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि कीर्तन त्यानंतर होई. या झाडण्याकडे सामान्यतः स्वच्छतेचा संदेश म्हणून पाहिले जाते, आणि तो तर त्यात होताच. परंतु वक्त्याच्या तयारीच्या दृष्टीने पाहिले तर दिवसभर गाव झाडणारा मनुष्य त्या गावाविषयी जे जाणतो ते मंचावर थेट येऊन बसणाऱ्याला कधीच कळत नाही. अधिकारी या अनुबंधाची इतकी सखोल तयारी अन्यत्र क्वचितच आढळते. शिवाय त्या कृतीने आणखी एक गोष्ट साधली जाई: रात्री जे सांगायचे ते वक्त्याने दिवसा श्रोत्यांदेखत स्वतः केलेले असे, त्यामुळे उपदेश आणि आचरण यांतील अंतराविषयी शंका घेण्यास जागाच उरत नसे. त्यांच्या संवादात उत्स्फूर्तता पुष्कळ होती, पण ती तयारीच्या अभावातून आलेली नव्हती, आणि ज्यांनी केवळ त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या शैलीचे अनुकरण केले त्यांना तो परिणाम का साधला नाही याचे कारण येथेच सापडते.

शेवटी वक्त्याच्या अधिकाराचा प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत कठीण आहे. न्यायसूत्रांनी आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले आहे, आणि वात्स्यायनांनी भाष्यात आप्ताचे लक्षण असे दिले आहे की ज्याने वस्तूचे साक्षात ज्ञान मिळवले आहे आणि ती जशी जाणली तशीच सांगण्याच्या इच्छेने जो बोलण्यास प्रवृत्त झाला आहे तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समान लागू पडते असेही ते आवर्जून म्हणतात. जन्म, वेष किंवा पद यांचा या व्याख्येत उल्लेख नाही, ही तिची उदारता. परंतु पूर्वार्धातील साक्षात ज्ञानाची अट ईश्वराच्या बाबतीत लावली तर आळंदीतील विद्यार्थीच नव्हे, तर नावाजलेले कीर्तनकारही उभे राहण्यास कचरतील. शंकर वामन दांडेकर (१८९६–१९६८), म्हणजेच सोनोपंत, हे जोग महाराजांचे शिष्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. वर्गातील व्याख्यान आणि फडावरील कीर्तन ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी आयुष्यभर सांभाळली. वर्गात मत मांडण्यासाठी अभ्यास पुरेसा असतो, पण कीर्तनात तो पुरत नाही असे मानले, तर अभ्यासक कोणत्या बळावर कीर्तनाला उभा राहतो?

याचे उत्तर वारकरी कीर्तनाच्या प्रमाणपद्धतीत आहे. कीर्तनकार ईश्वराच्या साक्षात्काराचा दावा करीत नाही; ज्यांना तो झाला त्यांनी काय सांगितले, एवढेच साक्षात ज्ञान त्याला असावे लागते, आणि त्या मर्यादेत तो पूर्णपणे आप्त असू शकतो. त्यासाठी व्याख्येच्या उत्तरार्धाला, म्हणजे जसे जाणले तसेच सांगण्याच्या इच्छेला, त्याने घट्ट धरून राहावे लागते: अनुभवाने काय कळले, वाचून काय कळले आणि केवळ ऐकीव काय आहे, हे त्याने तयारीच्या वेळीच आपल्या मनाशी वेगळे केलेले असले पाहिजे. वारकरी रचनेत हा भेद श्रोत्याच्या कानालाही जाणवतो, कारण प्रमाण सुरू होताच चाल बदलते, टाळमृदंग लागतो, टाळकऱ्यांचा आवाज मिसळतो, आणि संतवचन कोठे संपून बुवांचे विवेचन कोठे सुरू झाले हे अशिक्षित श्रोत्यालाही ओळखता येते. नारदीय आख्यानात ही सीमा पुसट असते. तेथे कीर्तनकार संतांच्या, राजांच्या आणि देवांच्या तोंडचे संवाद स्वतःच्याच आवाजात बोलतो, रंगतीसाठी त्यांत भर घालतो, आणि पुढच्या पिढीत ती भर इतिहास म्हणून सांगितली जाते. म्हणून आख्यानातील एखादा संवाद आपण रचला असेल तेव्हा तो रचलेला आहे हे एका वाक्यात सांगून पुढे जाण्याचा शिरस्ता नारदीय कीर्तनकारांनी पाडावा, आणि त्यामुळे रस उणावेल अशी भीती बाळगू नये. श्रोते आख्यानाकडे अर्थवाद म्हणूनच पाहत आले आहेत, आणि कथेत ते रमतात ते तिच्यातून प्रकट होणाऱ्या तत्त्वासाठी.